कतारचा मार इसहाक आणि सेवेचे पाचारण

कतार हे नाव आपण रोज बातम्यांत ऐकतो. नैसर्गिक वायू, विश्वचषक फुटबॉल आणि मध्यस्थीच्या वाटाघाटी यांखेरीज त्या देशाविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि इस्राएलमध्ये तर ते नाव निघाले की राजकारणच सुरू होते. या लेखात राजकारण नाही. सातव्या शतकात त्या प्रदेशात जन्मलेल्या एका ख्रिस्ती संन्याशाची ही हकीकत आहे. परधर्माच्या संन्याशाशी आपल्याला काय करायचे, असे कोणी विचारील. वाचक बंधुभगिनींनो, ते वाचून झाल्यावर ठरवावे. लोकांची सेवा करण्याचे पाचारण म्हणजे काय, हा जो प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला, तो आपल्या प्रार्थनालयांपुढेही आहे.

आजचा कतार, बहारीन आणि अरबस्तानचा पूर्व किनारा मिळून जो प्रदेश होतो, त्याला त्या काळी सिरियाक भाषेत 'बेथ कत्राये' म्हणत. 'बेथ' म्हणजे घर, हे हिब्रू येणाऱ्यांना सांगायला नको. सिरियाक ही अरामीचीच एक शाखा. आपले तर्गुम आणि तलमूद ज्या अरामीत आहेत तिची ती बहीण. येथील ख्रिस्ती लोक पूर्वेकडील चर्चचे होते. त्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू, ज्याला कॅथोलिकोस म्हणत, आजच्या बगदादजवळील तेसिफोनचा असे. इ. स. ४१० च्या धर्मपरिषदेतच या बेटांवरील बिशपांचा उल्लेख आढळतो. बहारीनमधील समाहीज गावी अलीकडे झालेल्या उत्खननात त्या काळच्या ख्रिस्ती वास्तूचे अवशेष सापडले आहेत.

त्या किनाऱ्यावर आपले लोकही होते. इ. स. ६७६ मध्ये कॅथोलिकोस गिवर्गिस यांनी दायरीन बेटावर धर्मपरिषद भरवली. तिच्या नियमांपैकी एक असा की ख्रिस्ती लोकांनी सणाच्या दिवशी पवित्र प्रसाद घेऊन तसेच यहुद्यांच्या मद्यगृहात द्राक्षारस प्यायला जाऊ नये! घडत नसलेल्या गोष्टीला कोणी बंदी घालत नाही. तेव्हा यहुदी शेजारी होते, त्यांचा द्राक्षारस चांगला होता, आणि शेजारधर्म बिशपांना वाटत होता त्यापेक्षा जास्त होता, एवढे त्यावरून समजते.

कोकणाचाही या किनाऱ्याशी संबंध येतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषिक प्रवाशाने लिहून ठेवले आहे की 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असतो. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज त्याच्या कितीतरी आधी नवगावच्या किनाऱ्याला लागले होते. म्हणजे एकाच समुद्राच्या दोन्ही काठांवर यहुदी आणि ख्रिस्ती वस्त्या शेजारी शेजारी नांदत होत्या.

अशा या बेथ कत्रायेत मार इसहाक जन्मले. सिरियाकमध्ये 'मार' हा आदराचा शब्द आहे. लहान वयात ते मठात गेले आणि त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती पसरली. कॅथोलिकोस गिवर्गिस यांच्या कारकिर्दीत, म्हणजे ६६१ ते ६८० च्या दरम्यान, त्यांना निनवे शहराचे बिशप नेमण्यात आले. निनवे म्हटले की आपल्याला योना हन्नाबी आठवतात. किप्पूरच्या दिवशी मिन्हाच्या वेळी त्यांचेच पुस्तक वाचले जाते. योनांना निनवेला जायची आज्ञा झाली आणि ते उलट दिशेच्या गलबतात बसले. इसहाक आज्ञेप्रमाणे गेले, पण पाचच महिन्यांत त्यांनी बिशपपद सोडले. नवव्या शतकातील इशोदनाह या लेखकाने त्यांचे छोटे चरित्र लिहिले आहे. पद सोडण्याचे कारण देवालाच ठाऊक, एवढेच तो सांगतो.

नंतरच्या एका चरित्रात मात्र एक गोष्ट येते. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. नव्या बिशपांकडे दोन माणसे तंटा घेऊन आली. एकाने दुसऱ्याला कर्ज दिले होते आणि तो ते आजच्या आज मागत होता. ऋणको गयावया करून मुदत मागत होता. इसहाकांनी सावकाराला सांगितले की तुमच्या शुभवर्तमानात दिलेलेही परत मागू नये असे आहे, निदान एक दिवस तरी थांब. सावकार म्हणाला, शुभवर्तमान सध्या बाजूला ठेवा. तेव्हा इसहाकांनी विचार केला की ज्या गावात ते बाजूला ठेवायचे, तेथे माझे काम काय? आणि ते निघून गेले.

गेले ते खूजिस्तानच्या डोंगरात, एकांतवासी संन्याशांमध्ये. पुढे रब्बान शाबूरच्या मठात राहिले. वाचन आणि कडक उपवास यांनी त्यांची दृष्टी गेली, तरी ते बोलत राहिले आणि शिष्य लिहून घेत राहिले.

येथे आपल्या परंपरेत वाढलेल्या माणसाला अडखळायला होते. हिलेल यांनी पिर्के अवोतमध्ये समाजापासून वेगळे न होण्याची ताकीद दिली आहे. तोरामध्ये नाझीराचे व्रत आहे, पण व्रताची मुदत संपल्यावर नाझीराने पापार्पणही द्यायचे असते. रंबाम यांनी टोकाच्या वैराग्याला दोष दिला आहे. आपल्याकडे लग्न करावे, मुले शिकवावीत, मिन्यानला दहावा माणूस म्हणून उभे राहावे, यालाच धर्म म्हणतात. मग ज्याने एका शहराची जबाबदारी पाच महिन्यांत टाकली, त्याने सेवा केली असे कसे म्हणायचे? त्या गरीब ऋणकोचे पुढे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हा आक्षेप मी मागे घेत नाही. पण त्यांच्या अंधारातून जे बाहेर आले तेही पाहिले पाहिजे. इसहाकांच्या शिकवणीचा गाभा म्हणजे दया. ते सांगतात की दयाळू हृदय माणसांसाठीच नव्हे, तर पशुपक्ष्यांसाठी, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी, शत्रूसाठी आणि सैतानासाठीसुद्धा कळवळते. योनाच्या पुस्तकाचा शेटही असाच, निनवेच्या माणसांबरोबर तेथील गुराढोरांच्या काळजीने होतो. दयेला सिरियाक शब्द 'रह्मे', आपला 'रहमीम'. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत बांधलेल्या आपल्या पहिल्या प्रार्थनालयाचे नाव शआर हारहमीम, दयेचे द्वार. इसहाकांच्या लिखाणात मोती काढणाऱ्या पाणबुड्याचाही दृष्टान्त आहे: तो उघड्या अंगाने समुद्रात उतरतो, तसे संन्याशाने सर्व सोडून उतरावे. कतारच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा दृष्टान्त शोधावा लागला नसेल.

त्यांची प्रवचने आपल्या देशातून जगभर गेली, हे फार थोड्यांना माहीत आहे. बेथलेहेमच्या पूर्वेला, किद्रोनच्या घळीत मार साबाचा मठ आहे. तेथील अब्रामिओस आणि पात्रिकिओस या दोन संन्याशांनी त्यांचे सिरियाकमधून ग्रीक भाषांतर केले. ग्रीकमधून ते इतर भाषांत पसरले. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांच्या 'ब्रदर्स करमाझोव्ह'मध्येही त्या पुस्तकाचा उल्लेख येतो. हरवलेला समजला जाणारा त्यांचा दुसरा भाग १९८३ मध्ये सेबॅस्टियन ब्रॉक यांना ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात सापडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे नाव कॅथलिक चर्चच्या संतनामावलीत घालण्याचे जाहीर केले. शहराने पाच महिनेही न ऐकलेला माणूस तेराशे वर्षे ऐकला गेला.

सेवेची दुसरी तऱ्हा आपण कोकणात पाहिली आहे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. ही मंडळी एकांतात न जाता लोकांत राहिली. त्यांच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू होता, हे लपवण्यासारखे नाही. आपल्या पूर्वजांनी अक्षरे घेतली, हिब्रू घेतले, आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली स्वतःची इस्राएलाईट शाळा काढली. ज्यांना शिकवले ते शिकवणारे झाले. सेवेचे फळ देणाऱ्याच्या हिशेबाप्रमाणे येतेच असे नाही, पण येते.

आज कतारमध्ये ख्रिस्ती लोक पुन्हा आहेत; ते बहुतेक नोकरीसाठी आलेले परदेशी, आणि त्यांत भारतीय पुष्कळ. अमीरांनी दिलेल्या जमिनीवर दोह्यात २००८ मध्ये जपमाळेच्या मातेचे चर्च उघडले. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. शुक्रवारी सुट्टी असते म्हणून त्या दिवशी तेथे मोठी गर्दी होते. मार इसहाकांच्या काळच्या सिरियाक लेखकांवर कतार विद्यापीठाच्या सहकार्याने २०१४ मध्ये एक ग्रंथही निघाला आहे.

शेवटी दोन शब्द सांगतो, शिक्षकाची सवय म्हणून. सिरियाकमध्ये एकांतवासी संन्याशाला 'इहिदाया' म्हणतात. हिब्रूतील 'यहीद', म्हणजे एकटा, याचा तो भाऊ. आणि चर्चमध्ये सेवा करणाऱ्या डीकनला म्हणतात 'म्शम्शाना'. त्याचे मूळ तेच, जे आपल्या 'शम्माश' या शब्दाचे. दिवे लावणारा, सिद्दूर जागच्या जागी ठेवणारा, सर्वांच्या आधी येऊन दार उघडणारा तो शम्माश.

आपल्यातील प्रत्येकाला इहिदाया होणे शक्य नाही आणि आपला धर्म ते मागतही नाही. शम्माश होणे मात्र कोणालाही शक्य आहे. आपल्या मंडळांच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी तीन-तीन नावे येतात, आणि शब्बाथच्या सकाळी दार उघडायला माणूस शोधावा लागतो. मार इसहाकांनी पद सोडले, पण आंधळेपणीही शिकवणे सोडले नाही. आपण पदे जरूर घ्यावीत; फक्त त्या किल्लीचा जुडगाही कोणीतरी मागून घ्यावा.