पावकी कुठे गेली

गोव्यातल्या चोपड्यात कोळंबीचा वाटा घ्यायला बसलेल्या गिऱ्हाइकाला मासळीवाली ‘पावणेदोनशे’ म्हणून सांगते आणि गिऱ्हाईक पैसे काढते. शेजारी उभे असलेले तिसरीतले पोर मात्र आईचा पदर ओढून विचारते, ‘म्हणजे किती?’ त्या पोराला १७५ लिहिता येते, वाचता येते, त्यातले शतक, दशक, एकक सांगता येतात. आणखी दोन-तीन वर्षांनी शाळा त्याला १.७५ ही संख्याही शिकवील. तरी घरात, बाजारात, बसथांब्यावर रोज कानावर पडणारा ‘पावणेदोन’ हा शब्द गणिताच्या तासाला कुणी उच्चारलेला नसतो. एके काळी हाच शब्द पावकीची, म्हणजे पावाच्या पाढ्याची, सातवी ओळ होता: सात पाव पावणेदोन.

या शब्दांची कुळी फार जुनी. पाव म्हणजे पाद, चौथा हिस्सा. सव्वा आला ‘सपाद’वरून, म्हणजे पावासहित, पाऊण आला ‘पादोन’वरून, म्हणजे पावाने उणा, साडे आला ‘सार्ध’वरून. दीड आणि अडीच यांची घडण याहून वेगळी. दीड म्हणजे ‘द्व्यर्ध’, ज्यातला दुसरा अर्धाच आहे असा. अडीच म्हणजे ‘अर्धतृतीय’, ज्यातला तिसरा अर्धा आहे असा. ‘अर्धचतुर्थ’ झिजून औट झाला, साडेतीन. साडेतीन हातांच्या देहाला जुन्या मराठीत औट हात म्हणत, तो हाच शब्द. जर्मन माणूस घड्याळात अडीच वाजले की ‘अर्धे तीन’ म्हणतो. त्याच्याही मनात पुढचा आकडा आधी उभा राहतो.

मला यातले खरे गणित इथेच दिसते. ‘पावणेतीन’ म्हणणारा तीनकडे पाहतो आणि किती कमी आहे ते सांगतो. ‘सव्वादोन’ म्हणणारा दोनवर उभा राहून किती पुढे आलो ते सांगतो. जवळचा पूर्णांक कोणता आणि त्याच्या कुठल्या बाजूला आपण आहोत, हे शब्दातच आहे. २.७५ या लेखनात ते शोधावे लागते.

हिशेबाच्या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे नाण्यामापांनीच होत आली. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यातली ‘लीलावती’ बेरजेआधी कोष्टके देते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. चार आणि सोळा हे आकडे ध्यानात ठेवावेत. ते निम्मे, पुन्हा निम्मे करत जातात. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख आहे. या विद्येचे ‘पाटीगणित’ हे नावही पाटीवरून आले, आणि ती पाटी पुष्कळदा धुळीची होती. बोटाने लिहायचे, पुसायचे. म्हणून उत्तर कागदावर राहत नसे, तोंडात राहावे लागे.

पंतोजींच्या शाळेत मुलगा तेच तोंडात साठवी. गोव्यात अशी शाळा देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या घराच्या सोप्यावर भरे आणि शिकवणाऱ्याला शेणवीमाम म्हणत. एकापासून तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. दुकानदारी, सावकारी, गावचा वसूल यांसाठी जे लागे तेच शिकवले जाई, आणि ज्यांना ते काम करायचे होते त्यांच्याच मुलांना. मुलींना त्या सोप्यावर सहसा जागा नव्हती, राबणाऱ्या जातींच्या मुलांना तर नाहीच. पावकीबद्दल हळवे होताना हे विसरू नये. बाजारात बसणाऱ्या बाईने तो हिशेब शाळेबाहेर, ऐकून ऐकून, कमावलेला आहे.

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी मराठीतून गणिताची पुस्तके करवली. व्यवहारी अपूर्णांक अंशछेद घेऊन छापील पानावर आले. तरी अंकलिप्यांतून पावकी-दिडकी पुढे शंभरावर वर्षे टिकली, कारण खिशातला रुपया सोळा आण्यांचा होता. पाव रुपया चार आणे, पाऊण रुपया बारा आणे. कोष्टक आणि नाणे यांत अंतर नव्हते.

गोव्यातही तेच होते. चोपडे ज्यात येते ते पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले. नव्या काबिजादींतला, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातला, तो एक महाल. इथला रुपयाही सोळाचाच होता, फक्त आण्याच्या जागी तांगा. १९५८ पर्यंत हे चालले. भारतात १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला होता; गोव्यात १९५९ च्या आरंभी रुपया जाऊन एस्कुद आला, शंभर सेंताव्हांचा, आणि दर ठरला रुपयाला सहा एस्कुद. करून पाहा. चार तांगे म्हणजे दीड एस्कुद. दोन तांगे म्हणजे पाऊण एस्कुद. बारा तांगे म्हणजे साडेचार. एका तांग्याचे साडेसदतीस सेंताव्ह. दशमान नाणे आले, पण जुन्यातून नव्यात जायला दिडकी आणि पाऊणकीच लागली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुन्हा रुपया आला, आता शंभर पैशांचा. जुना आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. १९५७ साली पाढे घोकणाऱ्या पेडण्यातल्या मुलाने पाच-सहा वर्षांत तीन चलने हाताळली. ज्याच्या तोंडी अपूर्णांकांचे पाढे होते, त्याला कुणी फसवू शकत नव्हते.

त्यानंतर मात्र गरज सरली असे शाळेने मानले. रुपयाचे शंभर, किलोचे हजार, मीटरचे शंभर. दहाच्या पटीत सगळे बसले. अभ्यासक्रमातून औटकी, मग अडीचकी, मग पावकीही गळाली. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेही चलनात राहिले नाही.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकावरून वाद पेटला. ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘त्रेपन्न’बरोबर ‘पन्नास तीन’ असे वाचन त्यात सुचवले होते. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की जोडाक्षरी संख्यानामांमुळे लहान मुले बिचकतात, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो. नॉर्वेने १९५१ मध्ये नेमका असाच बदल केला होता, टेलिफोनचे आकडे सांगताना चुका होऊ नयेत म्हणून. नारळीकरांची चिंता मला रास्त वाटते; त्यांची जी टिंगल झाली ती अन्याय्य होती. विधानसभेपर्यंत गेलेल्या त्या वादात संख्यानामांच्या बाजूने पुष्कळ जण भाषेचा कैवार घेऊन उभे राहिले. पाव, सव्वा, पाऊण हे शब्द गणिताच्या तासातून निघून गेले तेव्हा इतके आवाज उठले नव्हते.

मला औटकीचे घोकणे परत नको आहे. पण दुसरी-तिसरीत, दशांश चिन्ह दिसण्याच्या कितीतरी आधी, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द हाताळायला द्यावेत: भाकरीचे तुकडे करून, तांदूळ मापून, घड्याळ वाचून. कोळंबी चारशे रुपये किलो असेल तर पावणेदोन किलोचे किती? कागदावर हे ४०० गुणिले १.७५ होते आणि त्याला पाचवी-सहावी उजाडावी लागते. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे ज्या पोराने ऐकले आहे ते दोन किलोचे आठशे धरते, पाव किलोचे शंभर वजा करते आणि पिशवी पुढे करते.