कुंडलचा माळ आणि बटेव्हियाची कोंबडी

विरार पूर्वेला फुलपाड्यात एका शिक्षक मित्राकडे गेलो असताना त्यांचा अकरावीतला विद्यार्थी आपले यंत्र दाखवायला आला होता. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरले, ते तळमजल्यावर दिव्यांनी दाखवणारे. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत अशा यंत्राचा उपयोग वेगळा सांगायला नको. मुलाचा प्रश्न मात्र यंत्राविषयी नव्हता. "सर, अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे कणांना वेग देणारे यंत्र, असे पुस्तकात आहे. मग कंपन्यांचा अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे काय?"

शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. आपल्याकडे तर ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतला फरक त्यांना ओळखू येत नसे. रंग सुटले आणि यांत्रिक रेखाचित्रे हाती आली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. म्हणजे हा गृहस्थ मुळात आपल्याच व्यवसायातला! हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. कारखाना जेमतेम उभा राहतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी ती जागा मागितली.

इथे औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी पुढे आले. सूर्यनमस्कारांमुळे हे नाव आपल्या वाचकांना माहीत असेल. ते स्वतः चित्रकार होते, आणि किर्लोस्कर बंधूंचे काम त्यांच्या पाहण्यातले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर पडीक माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी मोजक्या कामगारांची वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी.

या मदतीत नेमके काय होते ते नीट पाहू या, कारण मुलांना गोष्ट सांगताना आपण "राजाने पैसे दिले" एवढेच सांगून मोकळे होतो. पैसा तर होताच. पण पुन्हा कोणी उठवणार नाही अशी जागा मिळाली, हे माझ्या मते अधिक मोलाचे. माल आणायला आणि पाठवायला शेजारी रेल्वे होती. शिवाय संस्थानिकाने विश्वास टाकला म्हटल्यावर इतरांच्या नजरेत या कारखानदाराची पत वाढली असणार. आणि हेही विसरू नये की मदत मिळाली तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीचे होते. वीस वर्षांच्या खटपटी त्यांच्या गाठीला होत्या. कणांचा त्वरक तरी काय करतो? कण निर्माण करत नाही, हाती असलेल्या कणाला धक्का देतो.

एकाच माणसाच्या मर्जीवर उभी असलेली मदत ही तशी नाजूकच गोष्ट. त्याच काळात पुण्याजवळ तळेगावला याहून वेगळा प्रयोग झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागत 'पैसा फंड' उभारला, टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्यातून १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम पाहत. या कारखान्याची खरी कमाई बाटल्या आणि चिमण्या नव्हेत. तिथे काच शिकलेली मुले बाहेर पडून निरनिराळ्या प्रांतांत कारखान्यांत गेली. एका भट्टीभोवती बरेच जण एकत्र शिकतात, ही कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता अमेरिकेत जाऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया गावी शेतीची अवजारे बनवणारा मॅसी-हॅरिसचा प्रचंड कारखाना बंद पडला. (नांगरवाल्यांशी ही गाठ योगायोगाचीच!) मँकुसो कुटुंबाने ती इमारत घेतली, पण एवढी जागा घेणारा एकही भाडेकरू मिळेना. तेव्हा जोसेफ मँकुसो यांनी १९५९ पासून ती तुकड्यातुकड्यांनी लहान उद्योगांना द्यायला सुरुवात केली आणि जोडीला कार्यालयीन सोयी आणि सल्लाही. भाडेकरूंत एक कोंबडीची पिले उबवणारा होता. त्यावरून या जागेलाच थट्टेने 'उबवणी यंत्र', म्हणजे इन्क्युबेटर, म्हणू लागले. थट्टेतला शब्द पुढे जगभर अधिकृत झाला.

उबवणीला मुदत नसते. 'अ‍ॅक्सिलरेटर'ने ती घातली. २००५ साली अमेरिकेत पॉल ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी 'वाय कॉम्बिनेटर' सुरू केले. काही हजार डॉलर द्यायचे, बदल्यात कंपनीचा सुमारे सहा टक्के हिस्सा घ्यायचा, आठ-दहा गटांची एकच तुकडी करायची, तीन महिने त्यांना अनुभवी लोकांसमोर बसवायचे आणि शेवटी गुंतवणूकदारांपुढे प्रात्यक्षिक. तळेगावची भट्टी आठवली ना? फरक असा की पैसा फंडाला हिस्सा नको होता, देशात काच व्हावी एवढेच हवे होते.

आपल्याकडे पवईच्या आय. आय. टी. मध्ये २००४ साली 'साइन' ही संस्था निघाली, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००७ साली 'व्हेंचर सेंटर'. या दोन्ही ठिकाणी मुदतीपेक्षा प्रयोगशाळेला महत्त्व आहे. महागडी उपकरणे नवख्या माणसाला वापरायला मिळणे, हा आजचा कुंडलचा माळ. पवईच्या काही विद्यार्थ्यांनी काढलेली 'आयडियाफोर्ज' ही ड्रोन बनवणारी कंपनी 'साइन'मध्येच वाढली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटातले उडते यंत्र त्यांचेच. ही कंपनी शेअर बाजारात आली २०२३ साली. तीन महिन्यांची मुदत तिला कशी पुरली असती?

मला वाटते, घाईची ही पद्धत संगणकाच्या आज्ञावलीला मानवते. सकाळी चूक कळली की संध्याकाळी दुरुस्त करता येते. नांगराचे तसे नाही. फाळ चुकला की पुढच्या नांगरटीची वाट पाहावी लागते. वस्तू बनवणाऱ्याला पैशाइतकाच वेळ उसना द्यावा लागतो, आणि वेळ उसना देणारे थोडेच.

त्या मुलाला एवढे सगळे सांगितले नाही. कणांचा त्वरक आणि कोंबडीची गोष्ट सांगितली. ती त्याला आवडली. मग मी विचारले, "यंत्र कितीजणांच्या टाकीवर बसवले आहेस?"

"आमच्याच."

"आणि पावसाळा पाहिला आहे का त्याने?"

"नाही सर. वायरचे जोड उघडे आहेत."

माझ्या मित्राने टेबलाच्या खणातून चिकटपट्टीचे रीळ काढून त्याच्या हातात दिले.