समेटाचा दाखला

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' असे आपल्याकडे म्हणतात. पण ही पायरी न चढल्यामुळेही माणूस बुडतो, हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी दख्खनच्या शेतकऱ्याने अनुभवले. सावकार दावा लावी, कर्जदार हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि जप्ती दाराशी येई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी हा संताप उसळला. लोकांनी सावकारांचे कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून घेतले, जाळले.

कागद जळाले, तंटे मात्र उरले. ते कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून १८७६ साली पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या पुढाकाराने लवाद कोर्ट सुरू झाले. सरकारलाही काही करणे भाग पडले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायमूर्ती रानडे यांनीही पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

या कायद्यात एक वेगळी सोय होती. सरकारने ठिकठिकाणी मध्यस्थ नेमायचे. पोलीस अधिकारी मात्र मध्यस्थ होऊ शकत नसे. जिथे मध्यस्थ असेल तिथे शेतकऱ्याच्या दाव्याआधी समेटाचा प्रयत्न व्हायचा. तो फसल्याचा दाखला आणल्याशिवाय कोर्ट दावा दाखल करून घेत नसे.

कल्पना चांगली होती. मग ती रुजली का नाही? समेटाला दोन्ही बाजू निदान समोरासमोर बसू शकतील अशा लागतात. इथे एका बाजूला लिहिता-वाचता येणारा सावकार, तर दुसऱ्या बाजूला पुढच्या पेरणीसाठी त्याच्याकडेच जाणारा कर्जदार. असा माणूस समोरचा म्हणेल ते कबूल करतो. इतरांच्या बाबतीत मध्यस्थाची भेट म्हणजे दाखला मिळवण्याचा उपचार ठरला. टीका होत गेली आणि पुढे ही तरतूद रद्द झाली.

आज देशातल्या कनिष्ठ न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. म्हणून पुन्हा मध्यस्थीकडे नजर वळली आहे. २०१८ पासून, तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी करावी लागते. ती सक्तीचीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने मात्र इतर दिवाणी तंट्यांत दाव्यापूर्वीची मध्यस्थी ऐच्छिक ठेवली.

व्यापारी व्यापाऱ्यासमोर बसला तर सक्ती एकवेळ चालेल. पण घरमालकासमोर भाडेकरू, नवऱ्याच्या घरच्यांसमोर एकटी सून बसते, तेव्हा दुबळ्याच्या शेजारी सल्ला देणारे कुणी आहे का, हे मध्यस्थाने आधी पाहायला हवे. न्यायालयाचा भार हलका करताना तो दुबळ्याच्या डोक्यावर जाऊ नये. सुप्याच्या होळीतून घ्यायचा धडा तो हाच.