सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टिमची स्थापना: एका तांत्रिक पेचाचा इतिहास

ऑपरेटिंग सिस्टिम सीडीवर मिळू लागली त्या वेळी सर्वसामान्य पीसी सीडीवरून सुरूच होऊ शकत नव्हता. १९९० नंतरच्या दशकातील स्थापनेच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत सापडते. सीडी-रॉमचे सोनी व फिलिप्स यांनी सिद्ध केलेले ‘यलो बुक’ हे मानक १९८३ चे. फाइलरचनेविषयीचे आयएसओ ९६६० हे १९८८ चे. परंतु ही दोन्ही मानके तबकडीपुरती होती. ड्राइव्ह आणि संगणक यांनी परस्परांशी कोणत्या संकेतांनी व्यवहार करावा, याविषयी ती मूक होती.

हा मोकळा प्रदेश उत्पादकांनी आपापल्या परीने व्यापला. सोनी, मित्सुमी व पॅनासॉनिक यांच्या ड्राइव्हच्या जोडण्या निरनिराळ्या असत, आणि त्या पुष्कळदा साउंड कार्डावर दिलेल्या असत. त्यांपैकी पॅनासॉनिक व मित्सुमी यांच्या जोडण्या ४० पिनांच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीसारख्याच दिसणाऱ्या होत्या. हे साम्य फसवे होते. केबल नीट बसे, ड्राइव्हचा दिवाही लागे, पण संगणकास ड्राइव्ह सापडत नसे. आणि दोष मात्र निष्कारण तबकडीस दिला जाई.

खरा पेच वर्तुळाकार होता. तबकडी वाचण्यास ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर तबकडीवर! यातून वाट काढली ती फ्लॉपीने. डॉसमध्ये फ्लॉपीवरून ड्राइव्हचा ड्रायव्हर आणि ‘एमएससीडेक्स’ हा कार्यक्रम चढविल्यावरच सीडीस ड्राइव्ह-अक्षर मिळे. १९९२ च्या अखेरीस आलेल्या ‘इग्ड्रासिल’ या सीडीवरील लिनक्स-वितरणासही फ्लॉपीचा आधार घ्यावा लागला. लिनक्सच्या कर्नलने ड्राइव्हचा शोध घेताना चुकीचा पत्ता चाचपला तर दुसरेच एखादे कार्ड गोठून जाई. म्हणून ड्राइव्हचा प्रकार व पत्ता वापरणाऱ्याने आरंभीच स्वहस्ते टंकित करावा, हा उपाय रूढ झाला.

फिनिक्स व आयबीएम यांनी जानेवारी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ हे विनिर्देश प्रसिद्ध केले, तेथे हा पेच सुटला असे सामान्यतः मानले जाते. हे मत अर्धसत्य होय. या योजनेत तबकडीच्या १७ व्या सेक्टरमध्ये आरंभनोंद ठेवून तबकडीचा एक भाग फ्लॉपी म्हणून भासविण्याची, किंवा असा भास न करता थेट आरंभ करण्याची सोय होती. तथापि विनिर्देश कागदावर येणे आणि ते प्रत्येक बायोसमध्ये निर्दोष उतरणे यांत काही वर्षांचे अंतर पडले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला विक्रीस आलेल्या विंडोज ९५ च्या किरकोळ विक्रीच्या सीडीवरून संगणक सुरू होत नसे. जुलै २००२ मधील डेबियन ३.० चा पुरावा तर अधिक बोलका आहे. त्या संचातील पहिल्या सीडीवर थेट आरंभाची पद्धती योजिली होती. ती ज्या बायोसला मानवत नसे, त्यासाठी संचातील पुढील सीडीवरून आरंभ करण्याची तजवीज होती. सात वर्षांनंतरही मानकावर विसंबणे शक्य झाले नव्हते, याची ही जणू निर्मात्यांनी दिलेली कबुलीच होय.

दरम्यान एक निराळीच अडचण उद्भवली होती. कारखान्यात छापलेली सीडी पडलेल्या प्रकाशापैकी किमान ७० टक्के परावर्तित करते. १९९७ मध्ये आलेली सीडी-आरडब्ल्यू केवळ १५ ते २५ टक्के. जुन्या ड्राइव्हच्या संवेदकास हा मंद प्रकाश पुरत नसे. म्हणून एकच तबकडी एका यंत्रावर निर्वेध चाले आणि दुसऱ्यावर ओळखलीच जात नसे. येथे ड्रायव्हर बदलून काही साधत नसे. तोच मजकूर सीडी-आरवर, मंद गतीने उतरवून पाहणे हाच व्यवहार्य उपाय ठरे.

आयडीई जोडणीवरील अ‍ॅटापी पद्धती सार्वत्रिक झाल्यावर जुन्या जोडण्या मागे पडल्या. जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नलमधून त्यांचे ड्रायव्हरही वगळण्यात आले. ज्या संग्राहकाजवळ १९९३ च्या सुमाराचा पॅनासॉनिक ड्राइव्ह अद्याप चालू स्थितीत आहे, त्यास तो लिनक्सवर चालवावयाचा तर आता त्याआधीचे एखादे जुने कर्नल, आणि बहुधा एक शाबूत फ्लॉपीही, शोधावी लागते.