हंसातील दीर्घिकेचा शोध

हंस तारकासमूहातील एक प्रबळ रेडिओ-उगम १९४६ साली वेगळा ओळखू आला. पण रेडिओ-लहरी प्रकाशलहरींहून लाखो पटींनी लांब, त्यामुळे तो नेमका कोठे, हे ठरेना. १९५१ साली केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी दूरदूर उभारलेल्या अँटेनांवरील लहरींचा मेळ घालून त्याचे स्थान सुमारे एका कलेपर्यंत निश्चित केले. मग वॉल्टर बाडे यांनी पालोमारची २०० इंची दुर्बीण तिकडे वळविली. छायाचित्रात उमटली एक अंधुक दीर्घिका! श्रेय बहुधा त्या प्रचंड आरशालाच मिळते. पण कोठे पाहावे हेच ठाऊक नसते, तर आरसा काय करणार? मात्र ती दीर्घिका सेकंदाला सुमारे १७,००० किलोमीटर वेगाने दूर जात आहे, हे मिंकोवस्की यांना कळले ते प्रकाशाच्या वर्णपटावरूनच.