ठग, लूट आणि भामटा



इंग्रजीत आपल्याकडचे किती शब्द गेले याची यादी काढायची हौस परदेशात आल्यावर जरा जास्तच वाढते. बंगला, शांपू, पजामा, चटणी... यादी वाढत जाते तशी कॉलरही ताठ होते :-) पण या यादीत एक कप्पा जरा वेगळा आहे. ठग, लूट, डकॉइट, बदमाश. पाहुणा आपल्या घरातून जाताना नेमकं हेच का घेऊन गेला, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

आधी 'लूट'. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द कंपनीच्या लोकांच्या इंग्रजीत दिसू लागतो. पुढे चीनमधलं युद्ध, क्रिमिया आणि १८५७ या मोहिमांमधून तो सैनिकांच्या तोंडी इंग्लंडमध्ये रुळला. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात त्याचा हा प्रवास दिलेला आहे. गंमत अशी की १८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर हाती आलेल्या मालाची वाटणी करायला फौजेने रीतसर 'प्राइझ एजंट' नेमले होते. म्हणजे दुसऱ्याने केली तर लूट, आपण केली तर प्राइझ!

'बदमाश' आणखी बोलका. फारसी 'बद' म्हणजे वाईट आणि अरबी 'मआश' म्हणजे उपजीविका. ज्याचं पोट वाईट धंद्यावर चालतं तो बदमाश. म्हणजे एका कृत्यापेक्षा माणूस काय करून जगतो, त्यावर बोट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'डकॉइट'चं तर गणितच बसवलं गेलं. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३९१ प्रमाणे चार जणांनी मिळून केली तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर बदलून ३१० झाला, पण पाचाचा आकडा तसाच आहे.

आता 'ठग'. आपल्याकडे ठक म्हणजे फसवणारा. 'ठकास महाठक' म्हणताना आपल्या डोळ्यासमोर गळा आवळणारा माणूस येत नाही. तो आणला विल्यम स्लीमनने आणि १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या मेडोज टेलरच्या गाजलेल्या कादंबरीने. वाटेत प्रवाशांना मारून लुटणाऱ्या टोळ्या होत्याच, ते कोणी नाकारत नाही. पण देशभर पसरलेला एकच गुप्त धर्मपंथ होता का, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, कारण बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आलेली आहे.

खरी मेख कायद्यात आहे. १८३६ चा ३० वा कायदा सांगतो की अमुक माणूस कधीही ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी त्याला जन्मठेप. कोणाचा खून केला, कुठे केला, हे सिद्ध करायची गरज नाही. पुरावा कृत्याचा नाही, संगतीचा. 'ठग' हे वागणं न राहता ओळख झाली.

संगतीवरून जन्मावर जायला पस्तीस वर्षं लागली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तर्क असा की विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोर. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल होतं ते कॉन्स्टंट करून टाकलं. १९११ च्या कायद्याने हे मुंबई इलाख्यातही आलं. जमातीची नोंद, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तिथल्या एका वस्तीच्या नावात 'सेटलमेंट' हा शब्द अजून आहे. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर गेला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची बोटं बऱ्याचदा त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नियमांमधला जातिभेद रद्द करताना विमुक्त जमातींबद्दल स्वतंत्रपणे बजावावं लागलं.

इथपर्यंत दोष साहेबाचा म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींची सरकारी यादी उघडून बघा. चौदा नावांमध्ये 'भामटा' हे एक नाव आहे, 'राजपूत भामटा' हे दुसरं. जो शब्द आपण टॅक्सीवाल्याने जास्त पैसे घेतले की सहज वापरतो, तो कोणाच्या तरी जातीच्या दाखल्यावर छापलेला असतो. 'उचल्या'चंही तसंच. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते नाव मुखपृष्ठावर टाकताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुस्तक हातात घेतलं तेव्हा केला नव्हता, आता करतो.

इंग्रजीही यातून सुटलेली नाही. 'व्हिलन' म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारं कूळ! फसवणं या अर्थाचा 'जिप' हा शब्द जिप्सींवरून आला असं मानतात आणि इकडे बरेच लोक तो आता टाळतात. टाळून इतिहास बदलत नाही हे खरं. पण तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधला मुलगा त्या समाजातला असू शकतो.

तुमच्या भागात जातीच्या नावावरून आलेली अशी दूषणं कोणती आहेत? विशेषतः विदर्भ आणि खानदेशातल्या मंडळींनी जरूर लिहावं.