सुरतेचे पाद्री आणि मुलीची शाळा

१९९० च्या सुमारास बँकेच्या बदलीने आम्ही सुरतेला आलो आणि मुलीला नन्सच्या छोट्या प्राथमिक शाळेत घातलं. आई कुरकुरली, "पादऱ्यांच्या शाळेत पोरीवर कसले संस्कार होणार?"

वडिलांना इतिहासाची आवड. ते म्हणाले, "अगं, खुद्द महाराजांनी सुरतेच्या पादऱ्याला अभय दिलं होतं!"

गोष्ट खरी आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. त्या काळी मोगल दरबारी असलेला फ्रेंच वैद्य बर्निये लिहितो, की कपुचिन फादर अँब्रोज यांच्या घराला त्यांनी हात लावू दिला नाही. पाद्री चांगली माणसं आहेत म्हणून. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचं घरही वाचलं, कारण तो हयातीत दानधर्म करणारा होता. महाराजांनी धर्म नव्हे, माणसाची वागणूक पाहिली.

शाळेत आम्हीही तेच पाहिलं. वर्गात गुजराती, पारशी, बोहरी, खानदेशी मुली. डब्यांत ढोकळा आणि थालीपीठ शेजारी शेजारी. नाताळच्या गव्हाणीसाठी गवत आम्ही पालक आणायचो, नवरात्रात सिस्टर मुलींच्या गरब्याला टाळ्यांचा ठेका धरायच्या.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडलं. आम्हीही नाशिकला गेलो. परतलो तेव्हा सिस्टर फाटकात उभ्या राहून एकेका मुलीची नावानिशी चौकशी करत होत्या. दिवाळीनंतर आई स्वतः नातीला सोडायला गेली, फराळाचा डबा घेऊन.

सुरतेत शिकलेल्यांनी आपापल्या शाळेच्या आठवणी जरूर लिहाव्यात.